पाणी उतरल्यावरची जोडणी

परवा सकाळी सुमन सिस्टरचा मेसेज आला, "रोड चालू झाला मॅडम." खाली एक फोटो. चिखलाने लडबडलेली एसटी आणि तिच्याभोवती दात काढून हसणारी माणसं. भामरागडकडचा रस्ता उघडला म्हणजे तिकडे कांदे येणार, सिलिंडर येणार, अडकलेली पोरं कॉलेजला परत जाणार. फोटो पाहून कोणालाही बरं वाटावं. मी मात्र फोन उलटा करून ठेवला. गेली काही वर्षं दर आश्विनात हा मेसेज येतो आणि दर वेळी माझं हेच होतं. पाऊस यावा म्हणून देव पाण्यात ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. पूर ओसरू नये असं वाटणारी बहुधा मी एकटीच असेन, आणि तेही कोणाला सांगायची सोय नाही.

मी एका धर्मादाय आरोग्य संस्थेचा डेटाबेस सांभाळते. मोठा दवाखाना इथे चंद्रपुरात, आणि लहान केंद्रं या आणि शेजारच्या जिल्ह्यात विखुरलेली, पार सिरोंचापर्यंत. माझी आत्या अजून विचारते, "पण तू नेमकं करतेस तरी काय?" तिला मी सांगते की लाखभर माणसांची आजारपणं एका कपाटात नीट रचून ठेवलेली आहेत, ते कपाट पडू नये, त्याला वाळवी लागू नये, आणि हवा तो कप्पा क्षणात उघडावा, एवढंच माझं काम. "म्हणजे स्टोअरकीपर," आत्या म्हणते. मी वाद घालत नाही. माझी खोली खरोखरच स्टोअरच्या शेजारी आहे. अख्ख्या इमारतीत तिथलाच एसी न चुकता चालतो, कारण तो माणसांसाठी नसून सर्व्हरसाठी आहे. त्यामुळे ऑक्टोबरच्या उन्हात वॉर्डबॉयपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना माझ्याकडे काही ना काही काम निघतं.

लहानपण भद्रावतीला दारूगोळा कारखान्याच्या कॉलनीत गेलं. तिथे सगळं भोंग्यावर चालायचं. भोंगा झाला की बाबा सायकल काढायचे, भोंगा झाला की आई कुकर चढवायची, आणि घरातलं घड्याळ पुढे-मागे झालं तर भोंगा ऐकून लावून घ्यायचं. सगळ्यांची वेळ एकच. खरं काय ते एकच असतं आणि ते मोठ्यानं वाजतं, असं काहीतरी तेव्हा डोक्यात बसलं असावं. पुढे हा पेशा मिळाला तेव्हा मला वाटलं, हे आपल्याच स्वभावाचं काम आहे. एका माणसाची एकच नोंद, एका प्रश्नाला एकच उत्तर. दोन नोंदी दिसल्या की माझे हात शिवशिवायचे. स्वयंपाकघरात सांडलेलं पीठ दिसावं तसं व्हायचं.

पण हा प्रदेश भोंग्यावर चालत नाही. भामरागडची पर्लकोटा नदी पुलावर चढली की पलीकडचं जग वेगळं होतं. रस्ता जातो, वीज जाते, फोन जातो, आणि त्यांच्याबरोबर आमची जोडणीही जाते. म्हणून तिकडच्या केंद्रात डेटाबेसची आणखी एक प्रत ठेवलेली आहे. एरवी दोन्ही प्रती एकमेकींशी सारख्या बोलत असतात. इथे लिहिलं की तिथे उमटतं, तिथे लिहिलं की इथे. पूर आला की त्यांचं बोलणं तुटतं. मग तिकडची प्रत सोलरवर तग धरून आपली आपली लिहीत राहते आणि इकडची आपली आपली. पाणी उतरेपर्यंत एकाच माणसाच्या दोन कहाण्या होऊन बसतात, आणि मग त्या जोडायचा माझा हंगाम सुरू होतो. लोकांचा लवकर पिकणारा हलका धान कापणीला येतो तेव्हाच.

त्या हंगामाचा वास मला ठाऊक आहे. चिखल वाळतानाचा आंबूस वास, भरात आलेल्या धानाचा दुधाळ वास, आणि चंद्रपुरात पावसानं धुतलेल्या झाडांवर पुन्हा बसायला लागलेल्या कोळशाच्या भुकटीचा. संध्याकाळी दिवा लावला की धानाचे हिरवे तुडतुडे खिडकीच्या फटींतून आत येतात आणि स्क्रीनवर बसतात. नोंदी तपासताना कधी कधी अनुस्वार कोणता आणि तुडतुडा कोणता हे फुंकर मारून पाहावं लागतं.

जोडताना जिथे दोन्ही प्रती जुळत नाहीत तिथे मशीन अडते. नियम असा की जे नंतर लिहिलं ते खरं. म्हणजे सासू-सुनांच्या भांडणात शेवटचा शब्द जिचा, ती जिंकली. हा नियम मला कधीच पटला नाही, म्हणून शंका आली की मी सुमन सिस्टरला फोन लावायची. सिस्टर तिकडच्या केंद्रातली सगळ्यात जुनी नर्स. एका माणसाचं वजन आमच्याकडे जास्त, तिच्याकडे कमी.

"सिस्टर, यातलं खरं कोणतं?"

"दोन्ही खरं हाये जी. मधात मलेरिया झाला ना त्याले."

"आणि ही बाई? हिचं गाव दोन्हीकडे वेगळं आहे."

"पाऊस लागला तं मायच्या गावाले गेली ते. पाऊस सरला का वापस येते. तुमच्या मशीनले सांगा, थोडा दम धर म्हना."

मी हसायची. आमचं बरं चाललं होतं. माझी चिडचिड आणि तिचा सबुरीचा सूर यांतून दर वर्षी दोन्ही काठ जुळून यायचे. आणि जुळले की मला खरोखर आनंद व्हायचा, हेही सांगायला हवं.

मग ते साल आलं. त्या वर्षी पूर हटायलाच तयार नव्हता. श्रावण गेला, पोळा गेला, तरी पुलावरचं पाणी चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं. अशात एका दुपारी माझ्या खोलीच्या दारात एक मुलगी उभी राहिली. आत येईना आणि जाईनाही. नोंदणीच्या खिडकीवरच्या माणसानं तिला पाठवलं होतं, "मॅडमले इचार, मशीन त्यायचीच हाये" म्हणून. तिला मी इथे सोमी म्हणते. ते तिचं नाव नाही. तिच्याबद्दल लिहू का, असं मी तिला विचारलं होतं, आणि ओळखू येईल असं काही न ठेवता लिहा, असं तिनं सांगितलं होतं. त्याप्रमाणे काही गोष्टी बदलल्या आहेत.

सोमी जंगलातल्या गावातली. माडिया आदिवासी घरातली, आश्रमशाळेत शिकलेली, त्यामुळे मराठी चांगलं बोलायची. सिकल सेलची पेशंट. या भागात हा आजार घरोघरी आहे, आईबापांकडून रक्तातूनच येतो. अंगातलं रक्त कमी होत जातं, सांधे ठणकतात, मधूनमधून बाहेरून रक्त द्यावं लागतं. तालुक्याच्या गावात जीप चालवणाऱ्या एका बाहेरच्या माणसाशी तिचं लग्न झालं होतं, दोघांच्या मर्जीनं. पुराच्या दिवसांत, रस्ता बंद असताना, ती त्याच्या घरातून निघाली. डोंग्यातून नदी ओलांडली, मग पायी, मग आलापल्लीपर्यंत एका ट्रकमधून. इतक्या पाण्यात का निघालीस, असं मी विचारलं.

"पानी होतं म्हनूनच निंघाली ना. रोड चालू असता तं त्यानं जीप घेऊन पकडून आनलं असतं. पयले दोनदा आनलं."

तिनं ओढणी सारखी केली तेव्हा तिचा डावा कोपर दिसला. तो हात सरळ होत नव्हता. हाड मोडलं होतं आणि कोणी बसवलं नव्हतं. मी त्याबद्दल काही विचारलं नाही.

तिचं म्हणणं साधं होतं. इथल्या खिडकीवर तिनं नाव सांगितलं तेव्हा स्क्रीनवर तिची जुनी नोंद आली. तिकडचं गाव, नवऱ्याचं नाव, सगळं. खिडकीवरच्या माणसानं त्याच नोंदीत तिचा चंद्रपूरचा नवा पत्ता घातला, एका वसतिगृहाचा, जिथे ती स्वयंपाकाला लागली होती. ते पाहून ती हबकली.

"मॅडम, हे तिकडच्या मशीनमधी दिसन का?"

"आता नाही दिसणार. जोडणी बंद आहे."

"अन् पानी उतरल्यावर?"

पाणी उतरलं की दिसणार होतं. तिकडच्या खिडकीवर बसणारा मुलगा तिच्या नवऱ्याच्या बहिणीचा. मुलगा वाईट नव्हता, पण तिथला स्क्रीन रांगेकडे तोंड करून असतो आणि रांगेतला कोणीही वाकून कोणाचंही वाचतो. तिथे यात कोणाला काही गैर वाटत नाही.

"मले तिकडं दिसू देऊ नका जी," सोमी म्हणाली. "तो मले मारून टाकन." हे ती रडत म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. ती कांदे किती आणायचे ते सांगावं तशा आवाजात म्हणाली.

पत्ता झाकणं अवघड नव्हतं. पण औषधं दर महिन्याला कोणत्या केंद्रातून उचलली, हे त्या नोंदीत उमटतंच आणि ते झाकायची सोय आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. बनवणाऱ्या कंपनीला फोन केला तर तिकडून गोड आवाजात उत्तर, की पुढच्या आवृत्तीत विचार करू. खरा उपाय एकच होता. तिची इथली नोंद जुनीपासून तोडायची, नव्या नावानं वेगळी करायची, आणि जुनी नोंद पावसाआधी होती तशी करून ठेवायची. एका माणसाच्या दोन नोंदी. जे मी आयुष्यभर पुसत आले, तेच स्वतःच्या हातानं करायचं.

तरीही मी ते त्याच दिवशी केलं असतं. पण डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली आणि सगळं धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं होऊन बसलं. सोमीचं रक्त फार उतरलं होतं. लवकरच बाहेरून द्यावं लागणार होतं. आणि ती सांगत होती की आषाढात, पूर असतानाच, तिला तिकडच्या केंद्रात रक्त दिलं होतं तेव्हा तिला हुडहुडी भरली, लघवी काळी झाली, आणि सिस्टर घाबरून गेली. म्हणजे तिच्या गटाचं असूनही ते रक्त तिला सोसलं नव्हतं. नेमकं काय झालं, काय दिलं, कशावर थांबवलं, हे सगळं त्या दिवशी तिकडच्या प्रतीत लिहिलं गेलं होतं. आमच्याकडे त्यातलं अक्षरही नव्हतं. जोडणी व्हायची होती ना.

"ते मला समोर हवं," डॉक्टर म्हणाले. "अंधारात रक्त चढवलं आणि पुन्हा तेच झालं तर मुलगी हातची जाईल."

म्हणजे जोडणी केली तर तिच्या जिवाची माहिती इकडे येणार, आणि तिच्या जिवावर उठलेल्या माणसाला लागणारी माहिती तिकडे जाणार. जोडणी दोन्ही बाजूंनी चालते, तिला एकच बाजू कळत नाही. फोन मधूनमधून लागायला लागला होता, पण सिस्टरला फोन करून सोमीचं विचारायचीही चोरी. तिकडचा फोन खिडकीवरच्या टेबलावर, शेजारी तो भाचा. सोमीचं काय झालं होतं असं विचारलं, म्हणजे सोमी इथे आहे हे सांगितलंच की.

मी डॉक्टरांना म्हटलं की दोन नोंदी कराव्या लागतील, आणि हे नियमात बसत नाही. ते बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिले. मग म्हणाले, "मी लेखी देणार नाही. पण तुम्ही काय केलंत ते विचारणारही नाही." मला त्यांचा राग आला. आजही येतो. साहेबलोकांची ही तऱ्हा मला ठाऊक आहे, पुण्य वाटून घ्यायचं आणि सही टाळायची. पण त्या दिवसांत मला तेवढंही पुष्कळ वाटलं.

दर वर्षी जोडणी सुरू करण्याआधी मी एक डिस्क घेऊन तिकडे जाते आणि तिकडच्या प्रतीची नक्कल घेऊन येते. जोडताना काही बिघडलं तर हाताशी असावी म्हणून. त्या वर्षी पुलावरून पहिली गाडी गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी निघाले. आष्टी, आलापल्ली, पुढे ताडगावच्या बाजूनं दोन्हीकडे साग, आणि झाडांच्या बुंध्यांवर माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर पुराची मातकट रेघ. भामरागडच्या बाजारात दुकानदार बादल्यांनी गाळ बाहेर काढत होते. एकानं भिजलेल्या वह्या दोरीवर वाळत घातल्या होत्या. केंद्रात पोचले तर सुमन सिस्टरनं मला कवटाळलंच. काळा चहा दिला, कारण दूध अजून आलं नव्हतं. मी डिस्क लावली आणि नक्कल सुरू केली. त्याला वेळ लागतो. तोवर बसून राहायचं.

आणि तेव्हा तो आला. तो कोण हे मला भाच्याच्या "मामा" म्हणण्यावरून कळलं. मी मनात एक राक्षस उभा केला होता. हा बारीक चणीचा, डोळे खोल गेलेला, दाढी वाढलेला माणूस. त्यानं मला नमस्कार केला.

"मॅडम, तुमी चंद्रपूरच्या ना? तिकडच्या मशीनमधी पाहून सांगान का जी, माही बायको कुठी दवाखान्यात गेली का? बिमार हाये ते. तिले गोळ्या लागते रोज."

बोलता बोलता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते खोटं वाटलं नाही. त्याचे हात खुर्चीच्या पाठीवर होते, मोठे, जीपच्या ग्रीसनं नखं काळी झालेले. मला तो न वळणारा कोपर आठवला. एकाच माणसाच्या दोन कहाण्या जुळवणं हे माझं काम, पण या माणसाच्या डोळ्यांची आणि हातांची कहाणी मला जुळवता येईना. वेळ मारून न्यायला मी कळफलक उगाच बडवला आणि म्हटलं, "नाही. आमच्याकडे काही नाही."

"पुरात गेली असंल का जी?"

"मला कसं कळणार, भाऊ?"

तो बसून राहिला. सुमन सिस्टर औषधाच्या कपाटाशी पाठमोरी उभी होती. तिनं गोळ्यांची तीच पाकिटं काढली, ठेवली, पुन्हा काढली. तिला काही कळलं होतं की नाही, ते तेव्हा मला समजलं नाही. परतीच्या बसमध्ये डिस्कची पिशवी मी लहान मूल धरावं तशी मांडीवर धरून बसले होते.

चंद्रपूरला आल्यावर ती नक्कल मी बाजूच्या, कशालाही न जोडलेल्या मशीनवर उघडली. सोमीची नोंद सापडली. आषाढातली सगळी हकिगत सिस्टरनं लिहिली होती, आणि खाली मोठ्या अक्षरांत, की हिला यापुढे खास तपासणी करून जुळवल्याशिवाय रक्त देऊ नये. डॉक्टरांनी ते वाचलं, नमुना नागपूरला पाठवला, चालणारं रक्त मिळवलं. सोमी तरली. ती नवी नोंद मी केली. कोणतं नाव लिहू, असं विचारल्यावर तिनं आश्रमशाळेतल्या एका मैत्रिणीचं नाव सांगितलं. रक्ताबद्दलचा इशारा मी त्या नोंदीत हातानं उतरवला, अक्षर न् अक्षर ताडून. जुनी नोंद पावसाआधी होती तशी करून ठेवली, आणि मग जोडणी सुरू केली. तिकडे एक अनोळखी बाई गेली, चंद्रपूरची. तिच्याकडे कोण कशाला बघतंय.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण नाव बदलता आलं तरी अंगठा कुठे बदलणार? नोंदणीच्या वेळी आम्ही ठसा घेतो. दर वर्षी जोडणी झाली की मशीन सगळे ठसे एकमेकांशी ताडून बघते, आणि जुळले की फक्त मला विचारते, या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या दिसतात, एकत्र करायच्या का? दर आश्विनात. लोक दसऱ्याला सोनं वाटत असतात तेव्हा मी त्या प्रश्नासमोर बसलेली असते. आणि दर वर्षी मी उत्तर देते, नाही, या वेगळ्या व्यक्ती आहेत. खाली माझं नाव उमटतं, वेळ उमटते. कोणी तपासायला बसलं तर मला सांगायला एक शब्दही नाही. पण मला भीती त्याची नाही. मला वाटतं, एखाद्या साली मी आजारी असेन, रजेवर असेन, माझ्या जागी एखादा हुशार, तत्पर माणूस बसलेला असेल, मी होते तसा. त्याचे हात शिवशिवतील. तो एक बटण दाबेल आणि स्वच्छ काम केल्याच्या समाधानात घरी जाईल. म्हणून या दिवसांत मी रजा घेत नाही. भावाच्या मुलीच्या साखरपुड्यालाही गेले नव्हते, त्याचा वहिनीला अजून राग आहे.

दुसरं दुःख वेगळं आहे, आणि ते मला उशिरा समजलं. नव्या नोंदीत सोमीचं बालपण नाही. तिला दिलेल्या लसी नाहीत, आश्रमशाळेच्या शिबिरात पहिल्यांदा सिकल सेल कळला तो दिवस नाही, आईचं नाव नाही. नव्या नावाची ती बाई एकदम मोठीच जन्माला आली आहे. मधूनमधून ती औषधं न्यायला येते तेव्हा माझ्या गार खोलीत घटकाभर बसते. वसतिगृहातल्या पोरींच्या तक्रारी सांगते, भाजीत तेल जास्त झालं तर कशा नाकं मुरडतात ते. मग जाता जाता हमखास विचारते, "रोड चालू हाये का जी तिकडचा?" मला वाटायचं, भीतीनं विचारते. तो येईल म्हणून. मी तिला धीर द्यायची, "काळजी करू नकोस, मी आहे ना."

तर परवा तो मेसेज आला. काल जोडणी पूर्ण झाली. मी दार लावून घेतलं आणि त्या प्रश्नाची वाट पाहत बसले. ठसे ताडून झाले, यादी आली, त्यात सोमी नव्हती. मी पुन्हा ताडायला लावलं. पुन्हा नाही. कोणीतरी दोन्ही एकत्र केल्या असंच वाटलं. घाबरत जुनी नोंद उघडली. ती तशीच होती, फक्त बंद केलेली. आमच्याकडे नोंद पुसत नाहीत, बंद करतात, आणि मेलेल्या माणसाचे ठसे मशीन कोणाशी ताडत नाही. या श्रावणात, पूर असताना, सुमन सिस्टरनं तिथे 'मृत' असं लिहिलं होतं.

मी सिस्टरला तिच्या स्वतःच्या मोबाईलवर फोन लावला. आता तो आहे तिच्याकडे.

"कोणी सांगितलं सिस्टर? दाखला आहे का?"

"पुरात कुठचा दाखला, मॅडम. तिची माय आली होती. डोंग्यानं आली, म्हातारी एकलीच. म्हने, माही पोरगी मेली म्हनून लिवून घे. म्या इचारलं, कधी मेली, कुठी मेली? तं म्हने, लिव ना बाई. तो दरसाल पुसाले येते माह्या घरी, आंगनात बसून राह्यते. मेली म्हनून मशीनमधी दिसन तं नाई येनार." मग हळू आवाजात म्हणाली, "म्या लिवलं. तुमी बी त्या साली नाई म्हनलं होतं ना त्याले. म्या आयकलं होतं."

तर ती तेव्हा पाठमोरी उभी होती ती अशी. म्हातारी, सिस्टर आणि मी, तिघीजणी एकमेकींना पुरतं न सांगता एकच खोटं सांभाळत होतो, आणि म्हातारीनं ते माझ्याहून पक्कं केलं होतं. मला हलकं वाटलं, खरंच. आता दर वर्षीचा प्रश्न नाही, रजेची भीती नाही, माझ्या जागी कोण बसेल याचा घोर नाही. मी लगेच सोमीला फोन केला. आनंदाची बातमी द्यावी तसा केला, याची आज लाज वाटते.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मागे कोणीतरी भांडी घासत होतं.

"सोमी, आता तो शोधणार नाही. सुटलीस तू."

"हो जी," ती म्हणाली. मग म्हणाली, "मायनं गावात बी सांगतलं असंल. एकल्या मशीनले सांगून लोकं मानत नाई. दिवस केले असंल माहे. मेलेल्या मानसाचा गाडते तसा माह्या नावाचा दगड गाडला असंल गावाभाईर."

मी ती बंद नोंद पुन्हा स्क्रीनवर आणली.

"मी दरसाल रोडचं इचारत होती ना तुमाले. मनात थैली भरून ठेवत होती. औंदा तो सुधरला असंल, नाई तं दुसरी केली असंल, मंग जाईन मायले पाहाले."

एवढी वर्षं ती रस्त्याचं का विचारत होती, ते मला काल कळलं. मी म्हटलं, "तसं असेल तर मी ते बदलू शकते. बंद नोंद पुन्हा उघडता येते. माझ्या हातात आहे ते."

"मेलेलं मानूस जितं होते तुमच्या मशीनमधी?"

"होतं."

भांडी घासायचा आवाज थांबला होता.

"नका करू जी. तो पुन्हा मायच्या आंगनात येऊन बसन," ती म्हणाली. "माय जिती हाये तवरी मले मेलेलीच राहू द्या."